पेडल हाच पहिला गिअर

१९९० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मला वाहन चालवण्याचा पहिला परवाना मिळाला. त्यावर वाहनाचा प्रकार लिहिला होता : ‘मोटरसायकल विदाउट गिअर’. घरात पेडलवाली मोपेड होती. सपाट रस्त्यावर ती मजेत पळायची. पण वडिलांना डबलसीट घेऊन यवतेश्वरच्या घाटाला लागलो, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर तिचा आवाज बदलायचा. मग मी पेडल मारू लागायचो. तेवढ्यानेही भागेना की वडील काही न बोलता मागून उतरायचे आणि चालू लागायचे. मी पुढच्या वळणावर गाडी लावून त्यांची वाट पाहायचो. पन्नाशीचा तो माणूस धापा टाकत येताना दिसला की मला गाडीचा राग यायचा. ‘इंजिनात दमच नाही,’ असे मी म्हणायचो.

पुष्कळ वर्षांनी कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळले, की ते खरे नव्हते. आम्हा दोघांना घाट चढवण्याइतका दम त्या इंजिनात होता. तो चाकापर्यंत पोचवण्याची सोय गाडीत नव्हती. सायकलला इंजिन जोडले की गिअर का लागतो, तो कसा आला आणि तो आला तेव्हा काय गेले, हे शोधायचा नाद मला तिथून लागला. मी अभियंता नाही. जुनी यांत्रिक पुस्तके, नियतकालिकांचे चाळलेले अंक आणि गल्लीतल्या वेल्डरच्या दुकानात घालवलेल्या संध्याकाळी, एवढेच माझे शिक्षण. या लेखात जे मांडतो आहे ते त्यातून हाती लागलेले.

पायांची चाल, इंजिनाची चाल

आधी एक साधी गोष्ट स्पष्ट करून घेऊ. गिअर ताकद वाढवत नाही. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. इंजिन जेवढी ताकद देते तेवढीच चाकाला मिळते, किंबहुना वाटेत थोडी झिजून कमीच मिळते. गिअर करतो तो सौदा. वेग सोडायचा आणि त्या बदल्यात जोर घ्यायचा, किंवा उलट.

माणसाच्या पायालाही असा सौदा लागतो. पण पायाचा एक गुण इंजिनात नाही. पाय शून्यापासून जोर लावू शकतो. सायकल जागची हललेली नसतानाही माणूस पेडलवर उभा राहून सगळे वजन टाकू शकतो. एरवी मिनिटाला साठ ते नव्वद फेरे ही पायांची सुखाची चाल. पण वीस फेऱ्यांवरही पाय बंद पडत नाहीत, नुसते कुरकुरतात. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. फेऱ्यांचा एक ठरावीक पल्ला असतो, त्यातच ते खुशीत चालते. त्याखाली गेले की आचके देते आणि मरते. थांबलेले इंजिन जोर लावू शकत नाही. आधी त्याला कुणीतरी फिरवावे लागते.

सायकलला इंजिन जोडणाऱ्या पहिल्या पिढीपुढे हा पेच होता. त्यांनी तो सोडवला तो गंमतशीर रीतीने. त्यांनी पेडले काढलीच नाहीत.

हलकीशी पायांची मदत

खरे तर अगदी सुरुवातीला गिअर होता. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत जी लाकडी दुचाकी बनवली, तिचे इंजिन २६४ सीसीचे आणि अर्ध्या अश्वशक्तीचे होते. पट्टा मोठ्या पुलीवर घातला की ताशी सहा किलोमीटर, लहान पुलीवर घातला की बारा. पण पुली बदलायची तर गाडी थांबवावी लागे. शिवाय त्यांना दुचाकी विकायची नव्हती. आपले इंजिन गाडी ओढू शकते एवढेच त्यांना पाहायचे होते.

दुचाकी विकायची होती ती पॅरिसच्या वेर्नेर बंधूंना. १८९७ मध्ये त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकावर इंजिन बसवले. ती गाडी वरून जड झाली. १९०१ मध्ये त्यांनी इंजिन खाली, पेडलांच्या जागेजवळ, फ्रेममध्येच आणले. मोटरसायकलचा आजचा बांधा तिथून सुरू झाला. पण वेर्नेर असो वा त्या काळातल्या इतर गाड्या असोत, बहुतेकींमध्ये इंजिनाच्या पुलीवरून एक चामड्याचा पट्टा थेट चाकाला जाई. मध्ये क्लच नाही, गिअर नाही. चाक थांबले की इंजिन थांबले. सुरू करायचे तर पेडल मारत वेग घ्यायचा किंवा गाडी ढकलत पळायचे आणि उडी मारून बसायचे. चढ आला की पुन्हा पेडल. इंग्लंडमधल्या विक्रेत्यांनी यासाठी एक गोड शब्दप्रयोग रूढ केला होता. गाडी अमुक चढ ‘हलकीशी पायांची मदत’ घेऊन चढते, असे ते सांगत. ती मदत किती हलकी असे, हे घाटात पेडल मारलेल्या कुणालाही विचारावे.

या पेडलांकडे आपण सायकलचा उरलेला अवशेष म्हणून पाहतो. मला ते पटत नाही. पेडल हाच त्या गाडीचा पहिला गिअर होता. इंजिनाला जे जमत नव्हते, म्हणजे शून्यापासून सुरुवात आणि मंद गतीतला जोर, ते सगळे काम पायांकडे होते.

याखेरीज एक उपाय होता. इंजिनाच्या पुलीच्या दोन बाजू जवळ-दूर करून पट्टा वर-खाली बसवता येई. म्हणजे चढाच्या पायथ्याशी उतरायचे, पुली सैल करायची, पट्टा आखूड करायचा आणि मग निघायचे. माथ्यावर पुन्हा उतरून सगळे उलटे करायचे. हे काम बसल्या जागेवरून, चालत्या गाडीत करता आले तर?

ज्याला बंदी घातली

लंडनच्या झेनिथ कंपनीच्या फ्रेडी बार्न्स यांनी १९०८ च्या सुमारास ते करून दाखवले. त्यांच्या ‘ग्रॅडुआ’ गिअरमध्ये टाकीजवळ एक दांडा होता. तो फिरवला की इंजिनाच्या पुलीचा घेर बदले आणि त्याच वेळी मागचे चाक खाचेतून पुढे-मागे सरके, म्हणजे पट्टा सैल पडत नसे. कल्पना साधी आणि अचूक होती. झेनिथ चढाच्या शर्यती जिंकू लागली, इतक्या की काही क्लबांनी तिला एकगिअरी गाड्यांच्या वर्गातून मज्जाव केला. झेनिथने रडगाणे गायले नाही. तिने आपल्या बोधचिन्हात गजांआड कोंडलेली मोटरसायकल दाखवली आणि ‘बंदी घातलेली’ हा शब्द जाहिरातीत मिरवला.

गिअर म्हणजे लबाडी ही समजूत मोटरवाल्यांपुरती नव्हती. सायकलींच्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत चालत्या सायकलवर चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. चढ अंगबळावर चढावा, यंत्राच्या युक्तीने नव्हे, असा तो विचार. माझ्या वडिलांनी गाडीवरून उतरून चालण्यात कमीपणा मानला नाही, त्यामागेही कदाचित याच विचाराची छटा असेल. चढ आहे, तर कष्ट असणारच.

हा विचार मोडला तो आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर. तिथे १९०७ मध्ये ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत सुरू झाली. एक-सिलिंडर वर्गात चार्ली कोलिअर मॅचलेसवर ताशी ३८.२१ मैलांच्या सरासरीने पहिला आला. त्याच्या गाडीला पेडले होती. ट्रायम्फवरचा जॅक मार्शल दुसरा आला. पुढच्या वर्षी पेडलांना बंदी झाली आणि मार्शल जिंकला. आयोजकांना मोटरसायकलची परीक्षा घ्यायची होती, पायांची नव्हे. पण पेडले काढली म्हणजे गाडीचा खालचा गिअरच काढला. ती जागा भरणे आता भाग होते.

१९११ मध्ये शर्यत डोंगरातल्या मार्गावर नेली. फेरी साडेसदतीस मैलांची, आणि रस्ता रॅम्झी या समुद्रकाठच्या गावातून निघून ४२२ मीटर उंचीपर्यंत चढणारा. वरच्या गटात पाच फेऱ्या. एकाच गिअरच्या पट्ट्यावर तो डोंगर पाच वेळा चढणे म्हणजे शिक्षाच होती. पहिल्या तिन्ही क्रमांकांवर एकाच अमेरिकन कंपनीच्या गाड्या आल्या. तिचे नाव ‘इंडियन’, आपल्या देशाशी संबंध नसलेले. ऑलिव्हर गॉडफ्रे ताशी ४७.६३ मैलांच्या सरासरीने पहिला आला. प्रामाणिकपणे सांगायचे तर रस्त्यावर दुसरा पोचला होता तो मॅचलेसवरचा कोलिअर. नियमबाह्य जागी पेट्रोल घेतल्यामुळे तो बाद झाला. तरीही धडा स्पष्ट होता. त्या इंडियन गाड्यांमध्ये दोन गिअरची पेटी होती आणि पट्ट्याऐवजी चेन होती.

पुढची दोन वर्षे, १९१२ आणि १९१३, आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्या दोन गिअरच्या, चेनवाल्या गाड्यांनी ही शर्यत जिंकली. १९१४ मध्ये सिरिल पुलिन जिंकला तो ‘रज मल्टी’वर. तिच्यात पट्टाच होता, पण इंजिनाची आणि मागच्या चाकाची अशा दोन्ही पुलींचे घेर एकमेकांच्या उलट बदलत. एक फुगली की दुसरी आकसे. आजच्या विनागिअर म्हणवणाऱ्या स्कूटरच्या पोटात हेच तत्त्व आहे. तिला विनागिअर म्हणणे खरे तर चूक आहे. तिच्यात अगणित गिअर असतात, बदलणारा हात तेवढा नसतो.

पेडले गेली

या कथेतला मला सर्वांत आवडणारा धागा नॉटिंगहॅमचा आहे. रॅले या सायकल कंपनीने १९०२-०३ च्या सुमारास स्टर्मी-आर्चर नावाचा तीन गिअरचा हब बाजारात आणला. मागच्या चाकाच्या तुंब्यात मध्यभागी आसावर पक्के बसवलेले एक दातेरी चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि सगळ्यांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. सूर्य, ग्रह आणि त्यांची कक्षा. कोणत्या भागाला जोर द्यायचा आणि कोणत्या भागाकडून घ्यायचा, हे बदलले की गिअर बदलतो. त्याच घराण्यातल्या पुढे प्रसिद्ध झालेल्या हबमध्ये खालच्या गिअरला फ्रीव्हीलच्या चार फेऱ्यांत चाक तीनदा फिरते, मधल्याला चार, आणि वरच्याला तीन फेऱ्यांत चार वेळा. सायकलस्वाराच्या पायांसाठी हे गिअर बनवणारी कंपनी मोटरसायकलसाठीही गिअर बनवू लागली. १९१५ मध्ये ट्रायम्फने ‘मॉडेल एच’ काढली. तिच्यात ५५० सीसीचे इंजिन आणि स्टर्मी-आर्चरची तीन गिअरची पेटी होती. पेडले नव्हती. पहिल्या महायुद्धात दोस्त सैन्याचे निरोपे हजारोंच्या संख्येने त्या गाड्यांवर धावले.

गिअर आला आणि पेडले गेली. इंजिन जोडलेली सायकल तिथे संपली आणि मोटरसायकल सुरू झाली.

तीस वर्षांनी हीच गोष्ट जपानमध्ये पुन्हा घडली. १९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या रेडिओसाठी वापरली जाणारी छोटी इंजिने मिळवून सायकलींना बसवली. बारा वर्षांत ते सुपर कबपर्यंत पोचले. तिच्यात तीन गिअर होते, क्लच आपोआप चाले, आणि पेडले नव्हती.

आपल्याकडे मात्र पेडलांनी बराच काळ तग धरला. मोटर आणि पेडल जोडून ‘मोपेड’ हा शब्द स्वीडनमध्ये तयार झाला तो १९५२ मध्ये. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना आणली ती इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून. एक गिअर, आपोआप पकडणारा क्लच आणि पेडले. कमी भाग, कमी किंमत, दुरुस्ती गल्लीत. शिक्षक, दूधवाले, पोस्टमन यांच्या खिशाला परवडले ते या साधेपणामुळे. चढावरचा गिअर कंपनीने दिला नव्हता असे नाही; तो चालवणाऱ्याच्या मांड्यांत गृहीत धरलेला होता. माझ्या वडिलांच्या बाबतीत तो त्यांच्या चपलांत होता.

हिशेब

आता सायकलला इंजिन जोडून त्याला गिअर द्यायचा तर काय करावे लागते ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, दुरुस्तीनंतर, चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. गवत कापायच्या खांद्यावरच्या यंत्रांत एवढी इंजिने मिळतात. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर ती सुमारे एक अश्वशक्ती देतात. घर्षण वजा जाता चाकाला ६०० वॉट मिळाले असे धरू.

सव्वीस इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. ताशी ३० किलोमीटरला चाक मिनिटाला २४० फेरे घेते. म्हणजे इंजिनाच्या २९ फेऱ्यांना चाकाचा एक, असे गुणोत्तर ठेवले की सपाटीवर काम झाले. आता दहा मीटरला एक मीटर चढ आला. गाडी आणि माणूस मिळून १०० किलो. चढ आणि टायरचे घर्षण मिळून सुमारे १०५ न्यूटन जोर लागतो. ताशी ३० ला त्यासाठी ८७५ वॉट हवेत. ते नाहीत, म्हणून वेग उतरतो. ताशी १५ ला फक्त ४३७ वॉट पुरतात. पण एकच गिअर असेल तर तोवर इंजिनही ३५०० फेऱ्यांवर आलेले असते, आणि तिथे ते फार तर निम्मी ताकद, म्हणजे ३०० वॉट देते. ३०० मध्ये ४३७ बसत नाहीत. वेग आणखी उतरतो, ताकद आणखी घटते, आणि मागे बसलेला माणूस उतरतो.

गुणोत्तर दुप्पट करता आले तर? ताशी १५ लाही इंजिन ७००० वर राहते, ६०० वॉट देते, आणि चढ चढून वर शिलकीत राहते. सगळा फरक एका दुपटीचा आहे. आणि ती दुप्पट सायकलच्या दुकानात मिळते. साध्या गिअरच्या सायकलीला मागे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील असते. १४ वरून चेन २८ वर गेली की दुप्पट झाली.

म्हणून सगळ्यात सोपा मार्ग हा : इंजिनाचा जोर मागच्या चाकाला थेट न देता पुढच्या चेनव्हीलला द्यायचा. पुढे ४२ दाते आणि मागे १४ असतील, तर ताशी ३० ला पेडलाचा आस मिनिटाला ८० फेरे घेतो. मागे २८ असतील, तर ताशी १५ लाही ८० च. ही पायांचीही सुखाची चाल आहे. इंजिन ७००० वर, पाय ८० वर, आणि एकच गिअर दोघांनाही आपापल्या चालीत ठेवतो. हा आकडा कागदावर उतरला त्या रात्री मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो.

७००० चे ८० करायचे म्हणजे जवळजवळ ८७ पट घट. ती एका टप्प्यात होत नाही. इंजिनाला जोडलेली दातेरी पेटी, मग फ्रेमवर बसवलेला एक मधला आस, आणि तिथून चेनने पेडलाच्या आसाकडे, असे टप्पे करावे लागतात. आमच्या गल्लीतल्या वेल्डरने आणि मी हे पहिल्यांदा जुळवले तेव्हा एक गोष्ट विसरलो. पुढच्या चेनव्हीलमध्ये फ्रीव्हील नव्हते. इंजिन सुरू होऊन क्लच पकडताच पेडले आपोआप गरागरा फिरली आणि माझ्या नडगीवर बसली. तो वण अजून आहे. मग चेनव्हील आणि क्रँक यांच्यामध्ये एक फ्रीव्हील बसवले. आता इंजिन चेनव्हील फिरवते तेव्हा पाय स्थिर ठेवता येतात, आणि वाटेल तेव्हा त्यांनाही जोर लावता येतो.

या रचनेची किंमत चेन मोजते. आरामात पेडल मारणारा माणूस १०० वॉट देतो, तेव्हा चेनवर सरासरी १४ किलो वजनाएवढा ताण येतो. ७० किलोचा माणूस पेडलवर उभा राहिला तर तो १४० किलोपर्यंत जातो, पण क्षणभरच. इंजिनाचे ६०० वॉट म्हणजे सतत ८५ किलो. पाय दोन धक्क्यांमध्ये उसंत घेतो, इंजिन घेत नाही. आमची पहिली चेन एका पावसाळ्यात ताणली गेली. म्हणून गिअर बदलताना आधी रेस सोडायची, चेन सरकू द्यायची, मग पुन्हा रेस द्यायची. आणि गिअर चढ सुरू होण्याच्या आधी टाकायचा, इंजिन रडू लागल्यावर नव्हे.

विजेच्या सायकलींमध्येही आज हेच दोन पंथ आहेत. मोटर चाकाच्या तुंब्यात असेल, तर सायकलचे गिअर फक्त पायांना मिळतात. मोटर चढावर एकाच गुणोत्तरात झगडते. मोटर पेडलांच्या आसाशी असेल, तर गिअर दोघांचे. पाय आणि मोटर एकाच चेनवर आले आहेत, आणि गिअरपायी १९१५ मध्ये गेलेली पेडले गिअरसकट परत आली आहेत.

मागच्या हिवाळ्यात मी ती सायकल घेऊन यवतेश्वरला गेलो. मागे मोठे फ्रीव्हील, हलकीशी पायांची मदत, आणि कुठेही न उतरता माथ्यावर पोचलो. घरी येऊन वडिलांना सांगितले. ते आता पंच्याऐंशीचे आहेत. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी गाडी पुढून मागून पाहिली, चेनला बोट लावून ग्रीस किती आहे ते बघितले आणि म्हणाले, “मागं कॅरिअर का नाही लावलंस? मी कुठं बसायचं?”